नाकातले जंतू आणि नाकातली बुरशी

मराठवाड्यातून आलेली दोन पत्रे माझ्यासमोर आहेत. पहिले लातूरहून, गेल्या हिवाळ्यात एका सूनबाईंनी पाठविलेले. दुसरे नांदेडहून, याच पंधरवड्यात एका चिरंजीवांनी लिहिलेले. दोन्ही पत्रे घरातील वडीलधाऱ्यांच्या नाकाच्या दुखण्याविषयी आहेत आणि दोहोंतही ‘बुरशी’ हा शब्द आला आहे. लातूरच्या पत्रात तो अगदी शेवटी, भीतभीत विचारलेल्या प्रश्नात येतो. नांदेडच्या पत्राची सुरुवातच त्याने होते. गंमत म्हणा वा दुर्दैव, जिथे घाबरायला हवे होते तिथे तीन आठवडे कुणी घाबरले नाही, आणि जिथे घाबरण्याचे कारण नव्हते तिथे सारे घर झोपेविना आहे.

लातूरच्या भगिनींनी लिहिले होते : ‘मामंजींचे वय एकाहत्तर. मधुमेह अठरा वर्षांपासून. सर्दी झाली ती उतरेना म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. आठवड्याने दुसऱ्या आणल्या. उजवा गाल जड, उजवी नाकपुडी बंद. आता चार दिवसांपासून वरची हिरडी बधिर वाटते म्हणतात आणि दोन दाढा हलू लागल्या आहेत. ही बुरशी तर नसेल ना?’ पाकिटावर दूरध्वनी क्रमांक होता. पत्रास पत्राने उत्तर देण्याचा आमचा शिरस्ता त्या दिवशी मोडला आणि आजच्या आज कान-नाक-घसा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या, असे त्यांना सांगितले. पुढे काय झाले ते यथाक्रम सांगतो. त्याआधी नाकाच्या आसपासचा भूगोल थोडा समजून घेऊ, कारण या दुखण्यांचे बरेचसे वागणे त्या भूगोलावर ठरते.

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या आहेत. त्यांनाच आपण सायनस म्हणतो. कपाळात, दोन डोळ्यांच्या मधोमध, दोन्ही गालांत आणि नाकाच्या मागे खोल, कवटीच्या तळाशी. आतून ओलसर अस्तर आणि त्या अस्तरावर सूक्ष्म केसांची लव. ही लव रात्रंदिवस आतला चिकट स्राव नाकाकडे ढकलीत असते. गालातील पोकळीची रचना तर मोठी गैरसोयीची आहे. तिचे निचऱ्याचे छिद्र तळाशी नसून वर, छताजवळ आहे. मोरी भिंतीच्या वरच्या अंगाला असावी, तसे. लव थकली किंवा छिद्र सुजले की आत पाणी तुंबलेच. याच पोकळीच्या तळाशी वरच्या दाढांची मुळे टेकलेली असतात आणि तिचे छत म्हणजे डोळ्याची खालची भिंत. खाली दात, वर डोळा, मागे मेंदूकडे जाणारी वाट. नाकाच्या दुखण्यात दात का ठणकतात आणि डोळ्याला सूज आली की डॉक्टर का धावपळ करतात, हे यावरून ध्यानी येईल.

आता सर्दी. बहुतेक सर्दी विषाणूंची असते. तिच्यात सायनसही सुजतात, कपाळ जड होते, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येतो. हिरवा रंग म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे प्रतिजैविक, असे समीकरण आपल्याकडे फार पक्के बसले आहे. ते चुकीचे आहे. रंग येतो तो लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींमुळे, आणि त्या विषाणूंशीही लढतात. शंभर सर्दींमागे जेमतेम एक-दोन वेळा मागून जिवाणू येऊन बसतात. ते आले हे ओळखावे कसे? दहा दिवस उलटूनही उतार नाही. किंवा सर्दी चार-पाच दिवसांत उतरली, माणूस बरा झाला असे वाटले, आणि अचानक ताप व गालदुखी पुन्हा उसळली. किंवा सुरुवातीपासूनच १०२ अंशांच्या पुढे ताप, चेहऱ्यात तीव्र ठणका आणि पुवासारखा स्राव सलग तीन-चार दिवस. यांपैकी काही असेल तर जिवाणूंचा संशय रास्त. मात्र वयस्कर माणसांना जंतुसंसर्गात ताप येईलच असे नाही, हे लक्षात असू द्यावे. ताप नाही म्हणून निर्धास्त राहणे म्हाताऱ्या शरीराच्या बाबतीत धोक्याचे असते.

जिवाणूंचा उपचार तसा सरळ आहे. डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन, क्वचित क्लॅव्ह्युलानिक आम्लासह, पाच ते सात दिवस देतात. जोडीला मिठाच्या पाण्याने नाक धुणे व नाकात मारायचा सौम्य स्टेरॉइडचा फवारा. प्रकृती ठीक असेल तर दोन-तीन दिवस थांबून पाहण्याचा सल्लाही ते देतील. तो निष्काळजीपणा समजू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असल्यास ते आधीच सांगावे. आणि एकाच बाजूच्या नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर दंतवैद्याला विसरू नये. किडलेल्या वरच्या दाढेच्या मुळातून पू थेट गालाच्या पोकळीत उतरतो. मग ती दाढ दुरुस्त होईतो कितीही गोळ्या खाल्ल्या तरी चार दिवसांचाच आराम.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो बुरशीचा. जिवाणू आणि बुरशी, दोहोंनाही आपण बोलताना ‘जंतू’ म्हणून मोकळे होतो, पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून अगदी वेगळ्या घडणीची. तिच्याभोवती विशिष्ट प्रकारची भिंत असते आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधे ती भिंत बांधू देत नाहीत. तशी भिंत आपल्याला नाही, म्हणून औषध आपल्याला सहसा बाधत नाही. तशी भिंत बुरशीलाही नाही, म्हणून ते औषध बुरशीलाही बाधत नाही. प्रतिजैविकाचा दुसरा काय, दहावा डोस दिला तरी बुरशीच्या केसालाही धक्का लागत नाही. शिवाय बुरशीची पेशी घडणीने आपल्या पेशीच्या बरीच जवळची. तिच्यावर चालणारे औषध आपल्यालाही थोडेफार भाजतेच.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली पेनिसिलिन सापडले ते एका बुरशीत. बुरशीवरचे सर्वांत भरवशाचे औषध ॲम्फोटेरिसिन-बी मात्र मातीतील एका जिवाणूपासून मिळते. मातीत या दोघांचे वैर अनादिकाळापासून चालू आहे आणि आपण दोन्ही पक्षांची शस्त्रे उसनी घेऊन जगतो आहोत. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यातही डॉ. थिरुमलाचार यांनी अशाच एका जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ नावाचे बुरशीनाशक शोधले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे गुंफले गेले आहे.

तर बुरशी. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र आहेत. सोयाबीनच्या मळणीच्या भुश्शात, तुरीच्या पोत्यांत, कडब्याच्या गंजीत, ओल धरलेल्या भिंतीवर, शिळ्या भाकरीवर. आपण ते रोज श्वासावाटे आत घेतो आणि शरीर ते रोज निस्तरते. नाकात बुरशी सापडली एवढ्याने काहीच ठरत नाही. ती तेथे काय करते आहे, नुसती बसली आहे, ॲलर्जी उत्पन्न करते आहे की मांसात शिरली आहे, यावर सारे ठरते.

नांदेडच्या मातोश्रींचे प्रकरण पहिल्या प्रकारचे दिसते. वय अडुसष्ट, मधुमेह नाही, प्रकृती धडधाकट. दात बसवण्यापूर्वी सीटी स्कॅन काढला, त्यात उजव्या गालाच्या पोकळीत गोळा दिसला, मधोमध चुन्यासारखे पांढरे ठिपके. अहवालात ‘बुरशीचा गोळा असण्याची शक्यता’ असे लिहून आले. चिरंजीव लिहितात, ‘आईचे ताट, पेला, अंथरूण वेगळे केले आहे. नातवंडांना खोलीत जाऊ देत नाही. एका परिचितांच्या सांगण्यावरून बुरशीच्या गोळ्याही सुरू केल्या.’

महाशय, आधी आईंचे ताट पुन्हा पंगतीत मांडा. नाकातील बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. यांपैकी कोणताच प्रकार लागत नाही. बंद पोकळीत तुंबलेल्या स्रावात बुरशीची गाठोडी साठत जाते, जशी बंद माठात शेवाळ. ती अस्तराच्या आत शिरत नाही. उतारवयातील स्त्रियांत हा गोळा अधिक आढळतो आणि वरच्या दाढेच्या मुळात पूर्वी भरलेले सिमेंट पोकळीत उतरले असेल तर त्याभोवतीही तो धरतो. उपचार एकच : दुर्बिणीतून नाकावाटे पोकळीचे तोंड रुंद करून गोळा काढून टाकणे आणि पोकळी धुणे. काढलेला भाग तपासणीला पाठवून बुरशी अस्तरात शिरलेली नाही याची खात्री करून घेतात. ती झाली आणि प्रतिकारशक्ती ठीक असली की बुरशीनाशक गोळ्यांची गरज सहसा पडत नाही. परिचितांनी सुचविलेल्या गोळ्यांविषयी तर डॉक्टरांना आजच विचारावे. त्यांतील काही गोळ्या यकृताला जड जातात आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी त्यांचे वाकडे आहे.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. तो बहुधा तरुण वयात दिसतो, म्हणून थोडक्यात सांगतो. नाकात द्राक्षाच्या घडासारखे मऊ कोंब वाढतात, वास येईनासा होतो, घट्ट तपकिरी चिकटा साठतो. येथे शस्त्रक्रिया करतात आणि नंतर स्टेरॉइड देतात, कारण शत्रू बुरशी नसून तिच्यावर खवळलेली आपलीच प्रतिकारशक्ती असते. हे मुद्दाम अशासाठी सांगितले, की पुढच्या प्रकारात नेमके हेच स्टेरॉइड घातक ठरते. शेजारच्या काकांना ज्या गोळीने गुण आला ती गोळी आपल्या वडिलांना का देऊ नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरा प्रकार मांसात शिरणारा. यातही एक मंद जात आहे. महिनोन्महिने वाढत राहते, डोळा हळूहळू पुढे येतो. पण ज्याने मराठवाड्याला हादरविले तो तीव्र प्रकार, म्युकरमायकोसिस. २०२१ च्या उन्हाळ्याची आठवण कुणाला करून द्यायला नको. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचलेली माणसे घरी आली आणि आठ-पंधरा दिवसांत गाल सुजून, डोळा मिटून पुन्हा रुग्णालयाच्या दारात उभी राहिली. नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय ही नावे ज्या घरांना एरवी बातम्यांतूनच ठाऊक होती, त्या घरांना तेथील जिनेही पाठ झाले. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी मुलगे जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरले. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्यास सांगितले, राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्याचे उपचार आणले. जुलैत संसदेत सांगण्यात आलेला देशाचा आकडा ४५ हजारांवर रुग्णांचा आणि ४,३०० हून अधिक मृत्यूंचा होता. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे.

ती लाट ओसरली, पण आजार गेलेला नाही, कारण तो मुळात कोरोनाचा नव्हताच. अनियंत्रित मधुमेह हे त्याचे जुने माहेरघर. रक्तातील साखर फार चढली आणि रक्त आम्लधर्मी झाले की शरीरात बांधून ठेवलेले लोह सुटे होते. या बुरशीला लोह फार प्रिय. त्याच वेळी साखरेने पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात. वरून स्टेरॉइड चालू असेल तर साखरही वाढते आणि उरलेले पहारेकरीही झोपतात. बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात, रक्त गोठते, त्यापुढच्या मांसाला रक्त मिळत नाही आणि ते मरते. काळा रंग बुरशीचा नसतो. तो मेलेल्या मांसाचा असतो. ‘काळी बुरशी’ हे नाव म्हणूनच दिशाभूल करणारे आहे : काळा डाग दिसण्याची वाट पाहणारा माणूस उशीर करतो. मज्जातंतू आधी जातात, म्हणून काळेपणाच्या आधी बधिरपणा येतो.

लातूरच्या पत्रातील ‘हिरडी बधिर वाटते’ या तीन शब्दांनी मला दूरध्वनीकडे धाव घ्यायला लावली, ती यामुळे. त्या गृहस्थांना त्याच संध्याकाळी दाखल केले. साखर ४०० च्या पुढे निघाली. दुकानातून आणलेल्या दुसऱ्या पुडीत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडची गोळी होती, हेही तेव्हाच कळले. दुर्बिणीतून पाहिले, मांसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, बुरशीचे रुंद तंतू काही तासांत दिसले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. उजव्या वरच्या जबड्याचा भाग काढावा लागला. डोळा वाचला. जिवाणूंच्या आजारात औषध पुरते, चाकू क्वचित लागतो. येथे मात्र मेलेले मांस काढल्यावाचून गत्यंतर नाही, कारण रक्त पोचत नाही तेथे शिरेतून दिलेले औषधही पोचत नाही. मग काही आठवडे ॲम्फोटेरिसिनच्या सलाईनी, रोज मूत्रपिंडाची व पोटॅशियमची तपासणी, त्यानंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या. आता त्यांच्या टाळूला कवळीसारखी पट्टी बसविली आहे. सुरुवातीला पाणी प्यायले की नाकातून येई, म्हणून ते चारचौघांत जेवायला बसत नसत. सूनबाईंनी कळविले आहे की परवाच्या वेळा अमावस्येला शेतातल्या कोपीत भज्जी-आंबिलीच्या पंगतीला ते सर्वांबरोबर बसले. त्यांच्या संमतीनेच हे लिहितो आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी मधुमेही, मूत्रपिंड बदललेल्या, कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेल्या वडीलधाऱ्यांच्या सर्दीकडे वेगळ्या नजरेने पाहावे. त्रास एकाच बाजूला आहे का? गाल, हिरडी किंवा टाळू बधिर आहे का? हे विचारल्याशिवाय म्हातारी माणसे सांगत नाहीत. स्वच्छ बोटाने दोन्ही गाल हळूच स्पर्शून फरक विचारावा. बत्ती लावून टाळू पाहावा, कवळी काढून. दात अकारण हलणे, डोळ्याची पापणी पडणे वा सुजणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, नाकातून काळसर वा रक्तमिश्रित स्राव, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. नुसता सीटी स्कॅन ‘ठीक’ आहे म्हणूनही परतू नये. सुरुवातीच्या दिवसांत तो साध्या सर्दीसारखाच दिसू शकतो. दुर्बीण आणि तुकड्याची तपासणी हाच निवाडा. रुग्णालयात जाताना साखरेची वही आणि आतापर्यंत खाल्लेल्या गोळ्यांची सारी पाकिटे, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्यावीत.

दुकानात ‘सर्दीची गोळी’ म्हणून मिळते तिच्याविषयीही दोन शब्द. तिच्यात बहुधा नाक मोकळे करणारे एक आणि झोप आणणारे एक औषध असते. पहिल्याने रक्तदाब चढतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. दुसऱ्याने रात्री भ्रम होतो, उठताना तोल जातो, आणि खुब्याचे हाड मोडण्याची कहाणी तेथून सुरू होते. नाक मोकळे करणारे थेंबही पाच दिवसांपलीकडे नकोत. नंतर त्या थेंबांमुळेच नाक चोंदू लागते.

राहिले मिठाचे पाणी. स्वस्त, निर्धोक आणि उपयोगी. पण ते कोणत्या पाण्याचे, हा प्रश्न आपल्या भागात महत्त्वाचा आहे. ज्या लातुराने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिले, तेथे बोअरचे, टँकरचे, आठ-दहा दिवस टाकीत साठवलेले पाणी घरोघर असते. ते पिऊन पोट सांभाळून घेईल, नाक घेणार नाही. नळाच्या वा साठवणीच्या पाण्यातील एक अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. केरळात त्याचे रुग्ण अलीकडे आढळले आहेत. म्हणून पाणी खळखळून उकळू द्यावे, उकळी आल्यावरही मिनिटभर ठेवावे, झाकून कोमट होऊ द्यावे. लिटरभर पाण्यात चहाचा सपाट चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. नेतीचे भांडे वा बाटली रोज गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथी घालावी, आणि उरलेले पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ज्यांच्या नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी हे केव्हा सुरू करायचे ते आपल्या शल्यवैद्यांना विचारूनच. नांदेडच्या मातोश्रींनाही शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हेच करावे लागेल. तेवढे पाणी उकळण्याचे काम नातवंडांकडे सोपवायला हरकत नाही, मात्र शेगडीपाशी मोठे माणूस असावे.